रिकाम्या हातांचं वजन

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी काट्यानं माझ्या सहा किलोच्या लेकीला सात किलोची केली, आणि घरात कुणाला त्याचं काही नाही... तुम्हालाच सांगते, आमचे हे दुकानांचे वजनकाटे दुरुस्त करतात, त्यामुळे आमच्याकडे खुर्च्या दोन आणि काटे नऊ. तान्ही पोर काट्यावर स्वस्थ पडते का? म्हणून ह्यांनी काय करावं, माझं वजन बघितलं आणि काटा तेवढा मागे फिरवून ठेवला. "आता हिला घेऊन उभी राहा, दिसेल ते हिचं. काटा खोटं बोलत नाही."

पुढच्या आठवड्यात आठ, मग दहा. सासूबाई खूश, "आमच्या वळणावर गेली हो." पण झबलं तेच, टोपरं तेच, मनगट माझ्या बोटाएवढंच... मग वाढतंय ते कुठे? पोरीकडे बघायचीसुद्धा मला भीती वाटायला लागली. ह्यांना म्हटलं, तर पेपरातून मान वर न करता, "काटा खोटं बोलत नाही."

माझं म्हणाल तर अन्न जात नव्हतं. सकाळी तोंड सुजलेलं, बांगडी निघेना. सासूबाई म्हणायच्या, "बाळंतपण मानवलं गं तुला."

एक दिवस पोर पाळण्यात झोपलेली. केर काढता काढता सहज काट्यावर पाय ठेवला. हातात कुणी नाही, म्हणजे शून्य दिसायला हवं. आणि काटा म्हणतो, चार किलो.

झाडू तिथेच पडला. ओंजळ उघडून बघितली हो मी, खरंच कुणी नव्हतं... मग हे चार किलोचं कोण उभं होतं माझ्याबरोबर?

डॉक्टरीणबाईंनी माझ्या नडगीवर अंगठा दाबला. अंगठा निघाला, खड्डा तसाच. "अगं, हे तुझ्या अंगात साठलेलं पाणी आहे. अन्न जात नाही आणि वजन भराभर चढतंय, तर आधी मूत्रपिंडं बघायची." रक्त-लघवी तपासून आल्यावर म्हणाल्या, "मूत्रपिंडांचंच आहे. दुखणं जुनं दिसतंय, सांभाळावं लागेल, पण आलीस ते बरं केलंस."

आता गोळ्या आहेत, मीठ तोडलंय, आणि रोज सकाळी मी एकटीच काट्यावर. तुमच्या लेकीसुनांना एवढं सांगा, बाळ खाली ठेवून एकदा एकटीनं उभं राहा. फक्त आमच्या ह्यांच्या कानावर घालू नका. काटा खरंच खोटं बोलत नव्हता, हे त्यांना कळलं तर जन्मभर ऐकावं लागेल.