बिनचूक दिवसाचा तारा

नाही हो, आधीचे दोन फाटले नाहीत — फाटले असते तर तुमच्या शिलाईला नावं ठेवली असती न मी! धुतलेला वाळत नाही वेळेवर, म्हणून महिन्याभरात तिसरा गणवेश. आभा, स्टुलावर नीट उभी राहा, खातूनबी टाचण्या लावताहेत. खालची दुमड मोठीच ठेवा, पोर वाढते आहे — अंगानं तरी. हो, बोलत नाही आजकाल. पहिल्यांदा आली तेव्हा किती डोकं खाल्लं होतं न तुमचं — कैची काहून चावते, मशीनले एकच पाय काहून, तुमी टाचण्या तोंडात ठेवता काहून? तुम्ही हसत होता अन् मी लाजेनं मरत होते. प्रश्नांची नाही हो लाज, ‘का’च्या जागी त्या ‘काहून’ची. आई एवढी शिकलेली, पोरीची शाळा तालुक्याच्या गावची, दारव्ह्याची, आणि पोरगी म्हणते काहून!

मग मी तक्ता केला, फ्रीजवर लावला. ज्या दिवशी मले-तुले-काहून एकदाही नाही, त्या दिवशी सोनेरी तारा. चुकली की मी तिच्या तोंडावर हात ठेवायचे — हळूच हो, मारलं नाही कधी. मोबाईलवर एक बाई रोज सकाळी सांगते, स्वतःला थोडं थोडं घडवा. म्हटलं माझं तर राहिलंच, पोरीचं करून टाकू. तशा भुवया नका चढवू, पूर्ण ऐका. मी पुण्यात होस्टेलला होते, पहिल्याच दिवशी वर्गात उभी राहून ‘मले वाट्टे’ म्हणाले. सगळा वर्ग हसला. सर म्हणाले, किती गोड बोलता तुम्ही लोक! ते गोड कोणाला हवं होतं? वही केली, आरशासमोर शब्द घोकले, वर्षभरात अशी सुधारले की फोनवर म्हटलं, आई, मी येते आहे — तर आई विचारते, कोन बोलून राह्यलं? मला वाटलं, जमलं. खरंच असं वाटलं होतं मला, बघा.

हं, तर तारे. पहिल्या आठवड्यात एक. पुढच्यात तीन. मग रोज, खातूनबी, रोज! ओळच्या ओळ सोनेरी. कौतुकानं आभाच्या बाबांना फोटो पाठवला, तर म्हणतात, अगं, पण ती बोलते कुठं? बोललीच नाही तर चुकणार कशी! बरोबर आहे. एवढं साधं गणित, आणि मी एम.ए.

आणि वाळत नाही म्हणाले न मघाशी — ते खोटं. बाकावरच होते तिला. शाळेतल्या बाई म्हणतात, सांगत नाही, नुसती उभी राहते. मी घरी विचारलं, रागावून नाही — नाही, रागावूनच विचारलं — शू लागली तर सांगता येत नाही तुला? पायाकडे पाहिलं तिनं. मग म्हणाली, ‘चांगला शब्द मला आठवत नव्हता.’

त्या दिवशीही तारा दिला मी. वाक्य शुद्ध होतं न.

असं पाहू नका. ती बाजू जरा आत घ्या, तिकडे टाचणी — आभा, अगं वाकते कशाला, पडशील! काय? काय म्हणाली ती तुमच्या कानात? बोलली न आता? टोचलं म्हणाली का? नाही? मग हसता काय? महिना झाला, त्या एका वाक्याशिवाय मी तिचा आवाज — सांगा न. माझ्याबद्दल म्हणाली? काढा त्या टाचण्या तोंडातून अन् सांगा. मी आई आहे तिची! काहून नाही सांगून राह्यल्या तुम्ही मले, काहून नाही —

आभा. हात काढ. माझ्या तोंडावरचा हात काढ, बेटा. आभा, का —