जिवंत माणसाला लागलेलं ‘कै.’

बसा मंडळी, बसा. पुढे या, माझा आवाज मागच्या खांबापर्यंत पोचत नाही. कीर्तनकार बुवांचा घसा धरलाय म्हणून मला उभं केलंय. गाणं माझ्याकडून होणार नाही, पण एक गोष्ट सांगतो. सांगता आली तर!

आधी एक प्रश्न. एखादी बारीकशी गोष्ट रोज टोचते. फार नाही, चपलेतल्या खड्यासारखी. ती सोसावी, की ज्याच्या हातात आहे त्याच्या कानावर घालावी? तुम्ही म्हणाल, सोसणं हा मोठेपणा! असेल बुवा. पण कधी कधी तो नुसता भित्रेपणाही असतो. कुठे मोठेपणा आणि कुठे भित्रेपणा, हे ओळखायचं कसं?

तर ऐका. एका तालुक्याच्या गावी कुंदाताई तांबट नावाची बाई होती. लग्नपत्रिका छापायच्या दुकानात कामाला. संगणकावर पत्रिका जुळवायची — गणपती वर, मोर दोन्ही बाजूंना, मधे नावं. एकोणीस वर्षं हेच काम. या कामाची एक रीत असते, मंडळी. नवी पत्रिका कुणी कोऱ्या पानावर करत नाही. जुनी काढायची, तिची नक्कल करायची, नावं तेवढी बदलायची. आपणही नाही का, आजोबांच्याच आयुष्यात नाव बदलून राहतो! … हसू नका, मलाही लागू आहे ते.

माळवद्यांच्या घरचं लग्न निघालं. नात ऋता, आजोबा रंगनाथअण्णा. वय चौऱ्याऐंशी, निवृत्त मास्तर, सकाळी चालून येणारा ठणठणीत माणूस. कुंदाताईनं जुनी पत्रिका काढली. त्यात वधूचे आजोबा वारलेले होते. तिनं त्यांचं नाव काढून अण्णांचं घातलं. पण नावाआधीचं ते अक्षर सोनेरी, नक्षीदार, वेगळ्या तुकड्यात होतं. ते राहिलं तसंच. काय होतं ते अक्षर?

‘कै.’!

कै. रंगनाथ धोंडीराम माळवदे यांची नात!

तुम्ही म्हणाल, छापण्याआधी कुणी तपासलं नाही? तपासलं की! घरातल्या अकरा जणांनी तपासलं. आणि प्रत्येकानं काय बघितलं? — आपापलं नाव! आत्यानं आत्याचं, काकानं काकाचं, कुणाचं कुणाच्या आधी आलंय ते. दाखवायचं राहिलं फक्त अण्णांना. साडेतीनशे पत्रिका टपालात पडल्या!

तिसऱ्या दिवशी सातारच्या व्याह्यांचा फोन. उचलला कुणी? अण्णांनी. पलीकडून रडवेला आवाज — “अहो, अण्णा गेल्याचं कळवलं नाहीत!”

अण्णा म्हणाले, “मलाही कुणी कळवलं नाही!”

मग काय! अण्णांचा मुलगा वसंतराव तडक दुकानात. “कुंदाताई, माझा बाप जिवंत आहे! लग्नघरात हा अपशकुन? हिला आधी काढा, शेटे!” दुकानाचे मालक शेटे भिडस्त. गिऱ्हाईक जुनं. म्हणाले, “ताई, महिना भरा. मग बघू.”

मंडळी, ‘मग बघू’ म्हणजे काय ते नोकरी केलेल्याला सांगायला नको. कुंदाताई एकटी. घरी म्हातारी आई, आणि येत काय, तर हे एकच काम.

दुसऱ्या दिवशी दुकानाच्या पायऱ्या चढून कोण आलं असेल? खुद्द कैलासवासी! कुंदाताई उठून उभी राहिली.

अण्णा शेट्यांना म्हणाले, “तक्रार कुणाची? मारलंय मला. मी करत नाही, मग बाकीच्यांनी का करावी?”

“पण अण्णा, अपशकुन …”

“कसला अपशकुन? कावळा शिवला की आपल्यात काय करतात? माणूस गेल्याची खोटी चिठ्ठी नातेवाइकांना धाडतात. नातेवाईक रडले की गंडांतर टळलं! मला लहानपणी शिवला होता, तेव्हा आईनं मामाला एक कार्ड टाकलं होतं. त्या एका कार्डावर चौऱ्याऐंशी निघाली. आता तर साडेतीनशे गेलीत! हिनं मला म्हातारं करून सोडायचं ठरवलंय!”

शेटे हसले. वसंतरावही घरी हसले म्हणे, नाइलाजानं. नोकरी वाचली. इथं गोष्ट संपावी, नाही? पण नाही संपली. माफी मिळाली तरी मनातली धास्ती जाते का?

आठवड्यानं अण्णा पुन्हा आले, तर कुंदाताई एक पत्रिका सातव्यांदा वाचत बसलेली. म्हणाली, “अण्णा, मी काम सोडते. माझ्या डोळ्यांवर माझाच भरवसा राहिला नाही.”

अण्णा शेजारी खुर्ची ओढून बसले. “चूक कशी झाली, दाखव.” तिनं दाखवलं. ही जुनी, ही नक्कल, हे बदललं, हे राहिलं.

“कुंदा, काय जुनं राहिलंय, हे या यंत्राला कळतं का गं?”

“कळत असणारच, अण्णा. त्याच्याकडे दोन्ही आहेत.”

“मग सांगत का नाही?”

“त्याला कुणी विचारलं नाही!”

आणि बोलता बोलता ती थांबली. एकोणीस वर्षं ती जुना मजकूर डोळ्यांनी शोधत होती. न बदललेलं तेवढं यंत्रानंच पिवळं करून दाखवलं तर? एवढीशी सोय!

ते सॉफ्टवेअर फुकटचं. देशोदेशीची माणसं नोकऱ्या सांभाळून, हौसेनं घडवतात. सूचनांसाठी जागाही होती. पण कुंदाताई म्हणे, “मी दहावी शिकलेली. इंग्रजी येत नाही. हसतील मला.”

अण्णा म्हणाले, “हसू देत. मेलेला माणूस शेजारी बसलाय, तू हसण्याला काय भितेस?”

तिनं मराठीतच चार ओळी लिहिल्या. संगणकानंच त्याचं इंग्रजी केलं. कसं केलं देव जाणे! तासाभरात उत्तर आलं — “बाई, आपण जिवंत माणसाला मारल्याचं लिहिलंय. आपण ठीक आहात ना? पोलिसांना कळवलंत का?”

अण्णा इतके हसले की शेट्यांनी पाणी आणलं! मग कुंदाताईनं नीट समजावून लिहिलं. त्यावर आणखी एक उत्तर आलं, कुठल्याशा थंड देशातल्या बाईचं — “मी शाळेची प्रमाणपत्रं करते. गेल्या वर्षीच्या मुलाचं बक्षीस या वर्षीच्या मुलीच्या नावावर गेलं. मला वाटायचं, वेंधळी मी एकटीच!” बघा मंडळी. इथं ही, तिथं ती. दोघींना आपण एकट्याच वाटत होतो.

पाच महिने गेले. कुंदाताईनं आशा सोडली होती. एक दिवस सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली. त्यात एक बारीक खूण — न बदललेला मजकूर दाखवा.

समोर एका मुंजीची पत्रिका होती. खूण दाबली. पिवळं उमटलं. ‘श्री गजानन प्रसन्न’ — हे जुनंच हवं. ‘आमच्या येथे श्रीकृपेकरून’ — हेही असू दे. आणि तळाला एक ओळ पिवळीधमक — ‘कृपया आहेर आणू नयेत.’

कुणी सांगितलं होतं, आणू नयेत म्हणून? या घरच्यांनी तर नाही! जुन्या पत्रिकेतून आलेली ओळ! अहो, मुंजीचं घर, केवढा गोंधळ झाला असता!

तिनं ओळ काढली. पत्रिका एकदाच वाचली. छापायला दिली. काम सोडायचं पुन्हा कधी बोलली नाही. त्या मुंजीवाल्यांना मात्र आजही ठाऊक नाही की त्यांचं काय वाचलं. टळलेली चूक कुणाला दिसते?

तिनं आभाराचं पत्र धाडलं. तिकडून उलट आभार आले! “आम्ही यंत्र घडवतो, त्यावर दिवसभर बसत नाही. कुठं टोचतं हे बसणाऱ्यानं सांगितल्याशिवाय आम्हाला कसं कळणार?” ज्याचं जळतं त्याला कळतं, हे आपण टोमण्यानं म्हणतो. त्या माणसांनी ते हात जोडून म्हटलं.

मला पुस्तकातलं पुष्कळ सांगता आलं असतं, पण राहून राहून वाटतं ते एवढंच. आपण सकाळपासून जे जे वापरतो — पातेल्याचा कान, छत्रीची मूठ, औषधाच्या चमच्यावरची रेघ — ते कुणीतरी कधीतरी भीत भीत बोललंय म्हणून आहे. त्यांची नावं आपल्याला माहीत नाहीत. नमस्कार करायचा तर कुणाला? म्हणून देवाला करायचा. तो पोचवतो.

आणि आता तुम्हाला विचारतो. तुम्ही काय सोसत बसलाय, ज्याबद्दल एक वाक्य बोललात तर दहा जणांचं सुखाचं होईल? … मान खाली घालू नका. मीच सांगतो माझं. या देवळाची बाहेरची तिसरी पायरी इतरांपेक्षा बोटभर उंच आहे. अकरा वर्षं मी तिथं अडखळतो. कितीतरी म्हाताऱ्यांना अडखळताना बघितलंय. वाटायचं, विश्वस्तांना राग येईल. मी कोण सांगणारा? आणि म्हणायचो — मी सोसतो!

अध्यक्षसाहेब, समोर बसलात म्हणून हात जोडून सांगतो. ती पायरी तेवढी तासून घ्या. आणि तोवर, मंडळी, उतरताना शेजारच्याचा हात धरा. म्हणा — सीताराम!