संथ चाल

न्यू ऑर्लिन्सच्या ट्राममध्ये ओडीलच्या पुढच्या बाकावर एक म्हातारं जोडपं दुकानात पाहिलेल्या जुन्या टेनर सॅक्सोफोनबद्दल खल करत होतं.

"आवाज खणखणीत आहे, व्हर्ना. घेऊन टाकू."

"नाचाची चाल वाजवलीस, अल्सीड. तीत फुटकं वाद्यही खपून जातं. हवा कुठे गळते ते संथ चालीत कळतं, हे तूच शिकवायचास ना सगळ्यांना?"

"हो."

"मग अंत्ययात्रेत वाजवतात ती संथ चाल का नाही वाजवलीस?"

"आपल्या लेकाला, ज्युलियनला, पोचवून आल्यापासून ती ओठांवर येत नाही गं."

"आणि माझ्या कानांतून ती जात नाही. ओढ ती थांब्याची दोरी. परत जाऊ. तू वाजव, मी ऐकते."

अल्सीडचा हात काही उठेना.

ओडीलला अजून बरंच लांब जायचं होतं. तिने हात लांबवला आणि दोरी ओढली.