लाकूड धरायला कोण?

सांगलीहून कवठे महांकाळला निघालेल्या एस्टीत श्रद्धाच्या पुढच्याच सीटवर एक म्हातारा सुतार आणि त्याची बायको बसली होती. त्याचा डावा हात लुळा पडला होता. बायकोनं जुन्या मोटारीचा जड, गंजका जॅक दोन्ही हातांनी मांडीवर धरला होता.

"आवं, ह्या भंगाराचं करणार काय तुमी?"

"व्हाइस करणार. ह्येचा पेच बाकड्याला बसवायचा. एका हातानं फिरवला की लाकूड घट्ट धरतंय."

"लाकूड मी धरतीया न्हवं? तुमचा हात गेल्यापासनं मीच धरतीया."

"म्हणून तर करतोय."

"म्हंजे मी नगं झाली व्हय आता?"

"अगं तानू, पोरीचं दिस भरत आल्यात. फलटणास्नं रोज इचारतीया, आई, कवा येतीस? तू काय सांगतीस तिला?"

"काय सांगती?"

"बापाचं लाकूड कोण धरंल, आसं सांगतीस. ऐकलंय मी."

बाईनं मांडीवरचा जॅक जरा जवळ ओढला. मग म्हणाली,

"लय आवळू नगा. लाकडाला वळ उठत्यात. माझ्या जुन्या लुगड्याची घडी घाला मधी."

"घालतो."

"आन् भाकरी?"

"शेजारी हायती की. जा तू."

"मग लावा फोन पोरीला. पर तुमीच धरा माझ्या कानाला. माझं दोन्ही हात गुंतल्यात."