पुढच्या स्विचला विचारा

...आणि वर साहेब मलाच विचारतात, "अजून सापडलं नाही?" अहो, सापडायला तो काय चष्मा आहे? तुम्हाला सांगतो, चार मजल्यांचं हॉस्पिटल, सकाळी दहाला नेटवर्क ठप्प, एकाही पेशंटची फाइल उघडेना, खाली ही लांब रांग... आणि साहेबांचं एकच पालुपद, "ज्यानं केलं त्याला आजच घरी बसवतो!"

आता नेटवर्क म्हणजे काय, तर मजल्यामजल्यावर स्विच नावाचे डबे, वायरींनी एकमेकांना बांधलेले. आणि प्रत्येक डब्याला माहिती फक्त शेजारच्याची! लॅपटॉप जोडून विचारलं, बाबा रे, ही एवढी गर्दी येतेय कुठून? तर म्हणतो, "चौदा नंबरच्या भोकातून. त्याच्यामागे कोण? मला काय माहीत, पुढे विचारा!" गेलो वायर धरून दुसऱ्या मजल्यावर. तो म्हणतो, "सात नंबर. पुढे विचारा!" तिसऱ्यावर गेलो, "बावीस. पुढे विचारा!" अरे, पुढे पुढे किती? माझे गुडघे काय सरकारी आहेत?

शेवटी चौथ्या मजल्यावर, चादरींच्या खोलीत, टेबलाखाली एक छोटा डबा, आणि त्याच्या दिव्यांचा नुसता थयथयाट! बघतो तर काय, एकाच वायरीची दोन्ही टोकं त्याच डब्यात! म्हणजे जे गेलं तेच परत आलं, परत गेलं, दुप्पट होऊन आलं... उपसलं एक टोक. खालून ओरडा, "आलं, आलं!"

वळतो तर मागे सफाईच्या मावशी. हातात फडकं, चेहरा खुललेला. "मीच लावलं हो बाबा ते सकाळी. लोंबकळत होतं ना! परवा त्यात पाय अडकून कसा आपटलास तू... म्हटलं, तस्संच भोक रिकामं आहे, बसवून टाकावं."

तेवीस वर्षं फरशा पुसून कंबर गेलेली बाई, मी पडू नये म्हणून टेबलाखाली शिरली हो! डोळ्यांत पाणीच आलं माझ्या. म्हटलं, "फार छान केलंत मावशी. फक्त पुन्हा करू नका."

खाली साहेब उभेच. "कोण?" आता मीही म्हणू, पुढे विचारा? जीभच रेटेना. म्हटलं, "मीच, साहेब. माझ्याच हातून झालं."

साहेबांनी लगेच हिशेब केला, मला घरी बसवलं तर उद्या हे डबे कोण बघणार? म्हणून शिक्षा काय, तर सोमवारी दिवसभर 'वायर कुठे लावावी' याचं प्रशिक्षण. आणि शिकवणार कोण? अख्ख्या हॉस्पिटलात ते येणारा मी एकटा! म्हणजे समोर मी, फळ्यापाशी मी... आणि साहेबांनी बजावलंय, शिकवणाऱ्यानं अजिबात दयामाया दाखवायची नाही.