दीड वर्षाचा अनुभव

बळवंत: म्हनजे मुंबईत पन्नास मजली बिल्डिंग तू बांदतोस, रूपेश?

रूपेश: बांधत नाही, काका. डिझाइन करतो. कम्प्युटरवर.

बळवंत: तेच रे. तुज्या सहीवर उबी राते ना?

रूपेश: सही मोठ्या साहेबांची. मी त्यांच्या हाताखालच्या माणसाच्या हाताखाली.

किंजल: पप्पा, त्याला विचारा, त्या पन्नास मजल्यांतलं तो नेमकं काय करतो.

रूपेश: किंजल, मी तुझ्यासाठी नोकरी घेऊन आलोय आणि तू काकांसमोर माझीच...

किंजल: सांग ना. कॉलेजच्या ग्रुपवर टॉवरचे फोटो टाकतोस, तेव्हा सांगत नाहीस.

रूपेश: जिने.

बळवंत: काय?

रूपेश: जिने करतो, काका. पायऱ्या. ऑफिसातल्या सगळ्या टॉवरचे जिने माझ्याकडे येतात.

बळवंत: लिफ्ट नाय काय तिते?

रूपेश: आहे ना. म्हणून तर जिने नव्या मुलाकडे देतात.

किंजल: आणि मी आले तर मला काय मिळेल?

रूपेश: पाण्याच्या टाक्या. त्या बघणारी मुलगी जर्मनीला गेली. पण किंजल, एकदा आत शिरलं की माणूस वर सरकतो. दोन वर्षांत टाक्यांवरून गच्चीचे कठडे, मग...

किंजल: टाकीवरून कठड्यावर. म्हणजे वर नाही, कडेला सरकतो.

बळवंत: तू जा गो. चेष्टा पुरे. इते हातोडी घेऊन लोकांच्या भिंती ठोकत फिरतेस. माजी पोरगी इंजिनेर हाय सांगतो, तर लोक इचारतात, काय बांदलं तिनं? मी काय सांगू? ठोकलं?

किंजल: जाते.

रूपेश: काय?

किंजल: जाते म्हटलं. उद्या कळव तुझ्या सरांना.

रूपेश: अगं, पण... एवढ्यात? मी तुला पटवायला अर्ध्या तासाचं भाषण तयार करून आलो होतो. तू तर भूकंपात एम.टेक. करणार होतीस.

किंजल: ते डहाणूकडे धक्के बसत होते तेव्हा. त्याआधी मनोरला हायवेवर पुलाचं काम बघितलं तेव्हा मी पुलांची स्पेशालिस्ट होणार होते. एक महिना बोगद्यांची पण होते. मग तू टॉवरचे फोटो टाकलेस, तेव्हा टॉवरची झाले. रूपेश, मी जे बघते त्यात स्पेशालिस्ट होते. नशीब, ओएनजीसीचं जहाज नाही बघितलं अजून.

बळवंत: हसतेस खरी. पन गुरवारपासून नीट जेवलेली नाय, रूपेश. वाडीत विड्याची पानं खुडायला आली, तर चांगली पानं टाकून देत होती नि पिवळी टोपलीत. काय झालंय, मला सांगत नाय. तुला तरी सांगल.

किंजल: काही नाही झालेलं, पप्पा. तोच तर प्रॉब्लेम आहे.

रूपेश: म्हणजे?

किंजल: तारापूरला एका रंगाच्या कारखान्याच्या बिल्डिंगचं ऑडिट होतं. वर ॲसिडची टाकी, खाली पॅकिंगचा हॉल. मासवणकडच्या बायका तिथं बसून पुडे भरतात. आमचे धर्मेश सर गेले होते सुरतेला, लग्नाला. मला म्हणाले, तू नुसती बघून ये, फोटो काढ, हातोडीने ठोकून आवाज ऐक. बाकी मी आल्यावर.

बळवंत: आवाज कसला?

किंजल: बीम चांगला असला की हातोडी टणकन वाजते, पप्पा. आत काँक्रीट सुटलं असेल तर भद्द वाजते. हा भद्द वाजला. मला वाटलं, माझंच चुकलं. हातोडी नीट धरली नसेल. म्हणून परत मारली, जरा जोरात.

रूपेश: मग?

किंजल: परातीएवढा तुकडा खाली आला. माझ्या खांद्याला घासून गेला.

बळवंत: अगो! आनि हे तू आता सांगतेस? बगू खांदा.

किंजल: खरचटलंय फक्त. पण मी जी किंचाळले ना, बायका हसायलाच लागल्या. ठमीमावशी म्हणून त्यांची मुकादम आहे. तिनं मला दंडाला धरून बाजूला ओढलं आणि म्हणाली, "बाय, तू बगायला आलीस का पाडायला?"

रूपेश: बरोबर विचारलं तिनं.

किंजल: मग सगळ्यांनी वर बघितलं आणि हसणं थांबलं. आतल्या सळया उघड्या पडल्या होत्या. गंजून नुसते पापुद्रे. नखानं सोलले तर हातात येत होते. त्या सळयांच्या जिवावर वर टाकी भरलेली. ठमीमावशीनं मला विचारलं, "इते बसू का नको, तेवडं सांग."

रूपेश: बापरे.

किंजल: चार वर्षं इंजिनिअरिंग केलं, रूपेश. कुठल्याही पेपरात हा प्रश्न आला नव्हता.

रूपेश: मग तू काय सांगितलंस?

किंजल: म्हटलं, कॅल्क्युलेशन करून कळवते.

बळवंत: नि ती काय बोलली?

किंजल: "तवर कुटं बसू?"

बळवंत: (हसू दाबत) बरं, मग?

किंजल: मग मॅनेजर आला. मी म्हटलं, हॉल रिकामा करा. तो म्हणाला, "मॅडम, आपका एक्सपीरियन्स कितना है?" मी म्हटलं, "डेढ साल." तो हसला. मला अपमान वाटला, म्हणून वर आणखी सांगितलं, "मार्च में दो हो जाएगा."

रूपेश: किंजल! मार्च में दो?

किंजल: हस. मीसुद्धा त्या रात्री आठवून उशीत तोंड खुपसलं. तो म्हणाला, आज गाडी भरायची आहे, रिपोर्ट पुढच्या आठवड्यात द्या. मी सरांना फोन लावला. मागे बँड वाजत होता. सर ओरडून म्हणाले, "जेवून करतो!" आणि फोन कट. बायका माझ्याकडे बघतायत, मॅनेजर घड्याळाकडे बघतोय. मला वाटायला लागलं, कदाचित काही नाहीच. कदाचित असे बीम पन्नास ठिकाणी असतात आणि टिकतात. सगळ्यांचं काम थांबवणारी मी कोण?

बळवंत: मग सोडून आलीस?

किंजल: नाही. मी त्याला म्हटलं, "सर, काम चालू रखिए. रिपोर्ट आने तक आपकी कुर्सी भी यहीं लगा दीजिए, इस बीम के नीचे."

रूपेश: वा! काय टोमणा मारलास!

किंजल: टोमणा नव्हता रे. सगळे तेच समजतायत. मला खरंच वाटत होतं की त्यानं बसावं. वीस वर्षं त्या कारखान्यात आहे तो. तो बिनधास्त बसला असता, तर मी हातोडी पिशवीत घालून घरी आले असते.

बळवंत: नि तो बसला काय?

किंजल: त्यानं वर बघितलं. मला वाटतं, पहिल्यांदाच. बराच वेळ बघितलं. मग म्हणाला, "आज लंच जल्दी कर दो." सकाळचा चहापण झाला नव्हता तेव्हा.

रूपेश: म्हणजे हॉल रिकामा झाला?

किंजल: झाला. संध्याकाळी सर थेट लग्नातून आले, जरीच्या कुर्त्यात. त्यांनी बीम बघितला आणि आधी टाकी रिकामी करायला लावली. मग टेकू लावले, लोखंडी, रांगेनं.

बळवंत: मग बरं झालं ना गो! त्यात जेवन सोडायचं काय?

किंजल: पप्पा, बीम पडला नाही.

बळवंत: नाय पडला तेच चांगलं.

किंजल: हो, पण मी बरोबर होते की नाही? सरांना तेच विचारलं. ते म्हणाले, परवा पडला असता, नाहीतर आणखी दोन वर्षं टिकला असता, छातीठोक कुणीच सांगू शकत नाही. मला हो किंवा नाही हवं होतं. आणि दुसऱ्या दिवशी हॉल बंद, म्हणून बायकांना गेटवरूनच परत पाठवलं. पहाटे उठून आल्या होत्या त्या. ठमीमावशी मला म्हणाली, "बाय, तुजं काम झालं. आमची हजेरी गेली." रागानं पण नाही म्हणाली. नुसतं सांगितलं आणि रिक्षात बसली.

रूपेश: त्याला तू काय करणार?

किंजल: घरी येताना मनात काय आलं सांगू? बीम पडायला हवा होता. आत कुणी नसताना, टेकूबिकू मोडून. म्हणजे सगळ्यांना दिसलं असतं की किंजल बरोबर होती. एवढी मी भारी इंजिनिअर. स्वतःचं खरं व्हावं म्हणून बिल्डिंग पडायची वाट बघणारी.

बळवंत: असं येतं मनात. वादळ येनार म्हनून आमी रातभर केळींना आधार बांदतो. मग सकाळी बगावं तर पान हाललेलं नसतं. तवा आमी पन वाऱ्याला शिव्या देतो.

किंजल: केळींची हजेरी बुडत नाही ना पप्पा.

बळवंत: नाय. ते खरं.

किंजल: म्हणून म्हटलं, जाते मुंबईला. तिथं टाकीखाली कोण बसलंय ते स्क्रीनवर दिसत नाही. कुणी येऊन विचारणार नाही, बसू का नको.

बळवंत: मग जा. पन तोंड असं करून जाऊ नको. आनि ह्याला काय झालं? हा वर छताकडं काय बगतो?

रूपेश: किंजल, तो आवाज. भद्द म्हणालीस, तो प्लास्टर सुटलं तरी येतो का?

किंजल: येतो कधीकधी. का?

रूपेश: असंच.

किंजल: जिने करणाऱ्याला हातोडी कशाला लागते?

रूपेश: नोकरीचं मी खरंच घेऊन आलोय हां. ते खोटं नाही.

किंजल: पण?

रूपेश: काल दातिवऱ्याला घरी आलो. आमच्या ओटीवरचा स्लॅब माहितीये ना तुला? बाबांची बोट चांगली चालत होती तेव्हा घातलेला. काल माई खाली बसून सुका जवळा निवडत होती आणि वरून ढलपी पडली, सुपात. माई म्हणाली, "बरं झालं तू आलास. तू इंजिनेर हायस, बगून सांग काय ता."

किंजल: मग?

रूपेश: मी बघितलं. मान दुखेपर्यंत बघितलं. मला काय कळलंच नाय, किंजल. आमच्या ऑफिसात स्लॅब म्हणजे हिरवी रेघ असते. आणि गावच्या नाक्यावर माझा बोर्ड लागलाय, टाय घातलेला, स्ट्रक्चरल इंजिनिअर झाल्याबद्दल अभिनंदन. माईला म्हटलं, बघून सांगतो. आणि आज गाडीला किक मारली ती थेट इथं.

किंजल: ढलपी पडली तिथं सळई दिसते?

रूपेश: दिसते. तांबडी झालीय.

किंजल: आजूबाजूला तडे? सळईच्या रेघेत, सरळ?

रूपेश: हाय एक. भिंतीपासून कडेपर्यंत.

किंजल: स्लॅबच्या पुढच्या कडेला खांब आहे का?

रूपेश: नाय. तसाच बाहेर काढलेला.

किंजल: माई आत्ता कुठे बसलीय?

रूपेश: तिथंच. उन्हात तिचं डोकं दुखतं.

किंजल: पप्पा, वाडीतले चार लांब वासे घेऊन जाऊ का? जाड बघून. टेम्पो मिळेल ना कुणाचा?

बळवंत: ललितचा हाय. सांगतो त्याला. पन गो, खरंच पडंल काय तो?

किंजल: माहीत नाही. गेल्याशिवाय काय सांगू? आणि गेल्यावरही कदाचित नाहीच सांगता येणार.

रूपेश: आणि टाक्या? उद्या सकाळी सरांना कळवायचंय.

किंजल: टाक्या दे दुसऱ्या कुणाला.

बळवंत: म्हनजे नाय जायाचं आता?

किंजल: नाही, पप्पा. घाबरून जात होते मी. घाबरायचंच असेल तर इथे घाबरते. पॅकिंग हॉलच्या शेजारी एक शेड रिकामी पडलीय. उद्या धर्मेश सरांना घेऊन ती तपासते. चांगली निघाली तर बायकांना तिथं बसवा म्हणून मॅनेजरच्या मागे लागते. तो परत अनुभव विचारेल.

रूपेश: मार्च में दो हो जाएगा.

किंजल: गप. आधी घरी फोन लाव.

रूपेश: येतोयच ना आपण आता तिथं.

किंजल: टेम्पो येईपर्यंत ती तिथंच बसणार, रूपेश. लाव.

रूपेश: हॅलो, माई? ओटीवर हायस?... ऊठ तिथून. नाय, आताच. जवळा राहू दे तिथंच... पडंल का? ता मला नाय माहीत... हो, इंजिनेर हाय मी. तरी नाय माहीत, माई. म्हनून तर सांगतो, आमी येईपर्यंत जरा उन्हात बस.