पुन्हा विचारणारं सभागृह

भूतानच्या वरिष्ठ सभागृहासाठी आपल्या जिल्ह्यातून थिनले एकटाच उभा होता, आणि तरीही पडला होता. म्हणून माकडटोपी नाकापर्यंत ओढून तो थिम्फूच्या बसमध्ये बसला. मागच्या बाकावर दोन म्हाताऱ्या बोलत होत्या.

"तू यंत्रावर काय दाबलंस गं?"

"माणूस एकच, बटणं दोन, हवा आणि नको. मी 'नको' दाबलं."

"अगं, पण पोरगा आवडला होता ना तुला?"

"आवडला म्हणूनच! कुणी चहा पुढे केला, तर लगेच कप धरतेस का? तोंडावर हात ठेवून आधी नकोच म्हणतो ना आपण?"

"मग?"

"मग काय, यंत्र पीं करून गप्प! पुन्हा विचारलंच नाही मेल्यानं. तू?"

"मीही तेच केलं. साहेबलोकांसमोर हावरट दिसायचं का?"

"पण हे वरचं सभागृह असतं तरी कशाला?"

"तो पोरगाच सांगून गेला की अंगणात. खालच्यांनी घाईत कायदा केला, की वरच्यांनी पुन्हा विचारायचं, नक्की ना?"

"मग! त्यांचं यंत्र तरी पुन्हा विचारील, असं वाटणारच ना माणसाला!"

थोड्या वेळाने थिनलेच्या खांद्यावरून एक डबा पुढे आला. लोण्यात परतलेल्या तांदळाचा वास सुटला होता, आणि त्याच्या पोटात सकाळपासून काही नव्हतं.

"घे रे बाळा."

थिनलेने तोंडावर हात ठेवला. "नको, नको, आजी."

"बरं," म्हातारी म्हणाली, आणि तिने डबा बंद केला.